हवाईच्या बाईची गोष्ट

शिवकांताने तुळजाबाईंच्या उजव्या गुडघ्यावर दोन्ही तळहात टेकवले आणि ती घंटेची वाट पाहू लागली. मोबाइलवर दर तीन मिनिटांनी एक बारीक घंटा वाजायची. ती वाजली की हात उचलून पुढच्या जागेवर न्यायचे. डोक्यापासून तळपायांपर्यंत रेकीच्या अशा चोवीस जागा. तुळजाबाई चौथ्या जागेलाच घोरायला लागल्या होत्या, आता सतरावी चालू होती. मॅडमच्या हाताखाली माणसाला झोप लागते, ही शिवकांताची ख्याती लातूरबाहेर पार निलंग्यापर्यंत पोचली होती. हल्ली तिला स्वतःलाच उभ्या उभ्या पेंग यायची, पण त्याची ख्याती होण्याचं काही कारण नव्हतं.

घंटेऐवजी रिंग वाजली. पडद्यावर नाव होतं, रविकिरण रेणापूर. सकाळी आठपासून ती याच फोनची वाट पाहत होती. रविकिरणच्या आईचं, तारामतीचं, आज लातुरातल्याच दवाखान्यात ऑपरेशन होतं. उजव्या स्तनात गाठ होती. सुई घालून तपासणी झाली होती आणि कॅन्सर हा शब्दही घरात बोलून झाला होता. दहाला आत घेणार होते. आता साडेअकरा वाजले होते, म्हणजे सगळं आटोपलं असणार. पण उपचार चालू असताना हात काढायचा नाही, हा नियम तिनेच शेकडो जणांना शिकवला होता. तिने कोपराने फोन बंद केला. तो पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तारामती दारात उभी होती.

दवाखान्याच्या हिरव्या झग्यावर तिने साडी कशीबशी गुंडाळली होती. पाय अनवाणी होते. मनगटावर नावाचा पट्टा होता आणि हाताच्या पाठीवर सलाइनची सुई चिकटपट्टीखाली तशीच होती. चेहरा मात्र लग्नघरातून आल्यासारखा उजळलेला.

“मॅडम, मला आवाज आला,” ती म्हणाली.

शिवकांताचे हात गुडघ्यावरून निघाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच घंटेआधी निघाले.

“कसला आवाज?” तिने विचारलं. कसला ते तिला विचारतानाच ठाऊक होतं.

“तोच की. त्या हवाईच्या बाईला आल्ता तो. मला टेबलावर झोपवलं, वर ती मोठी बत्ती. भूल देणाऱ्या मॅडम सुई भरू लागल्या आन् कानात कुणीतरी बोललं. ऑपरेशनची गरज न्हाई. मी उठूनच बसले. हात जोडले, म्हनलं, मला करायचं न्हाई.”

“आणि त्यांनी सोडलं तुला?”

“त्या घरच्यांला बोलवायला पुढल्या दारानं गेल्या. मी साडी गुंडाळली आन् मागल्या दारानं आले. मागं व्हरांड्यात आपल्या राजकन्या, पंचशीला, समद्या बसल्यात रेकी देत. त्यांच्या म्होरूनच आले की. कुणी डोळा उघडला न्हाई.” ती तोंडावर पदर धरून हसली.

रेकी शिकलेल्या ग्रुपमधल्या कुणाचं ऑपरेशन असलं की चार-पाच जणींनी दवाखान्यात जायचं, डोळे मिटायचे आणि ऑपरेशनच्या खोलीकडे तळहात करून बसायचं, ही पद्धत शिवकांतानेच पाडलेली. ती स्वतः मात्र कधी जात नसे. मी घरून देते, म्हणायची, रेकीला अंतर नसतं. आता या घटकेला पाच बायका एका रिकाम्या टेबलाला मनोभावे रेकी देत असणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. हसावं की रडावं हे ठरवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

पलंगावर तुळजाबाई उठून बसल्या.

“झालं का?”

“आजचं झालं, तुळजाबाई.”

“घोटे राहिले की.”

“घोटे उद्या करू.”

तारामतीच्या हिरव्या झग्याकडे बघत, जमेल तितक्या सावकाश चपला घालून तुळजाबाई गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत काय काय पसरणार याचा अंदाज शिवकांताला आला, पण ते निस्तरायची ही वेळ नव्हती.

हवाईच्या बाईची गोष्ट ती प्रत्येक शिबिरात दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सांगायची, कारण तेव्हा लोक पेंगतात. आधी रेकी शोधून काढणाऱ्या उसुईंची गोष्ट. जपानमधला डोंगर, एकवीस दिवसांचा उपास, दिवस मोजायला एकवीस खडे, रोज एक फेकून द्यायचा. मग ही. हवाई बेटावरची एक विधवा बाई, नव्वद वर्षांपूर्वी टोकियोत ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेली. कानात आवाज येतो, ऑपरेशनची गरज नाही. बाई उठते, डॉक्टरांना दुसरा काही इलाज आहे का विचारते आणि रेकीच्या दवाखान्यात पोचते. चार महिन्यांत बरी होते. पुढे रेकी जपानबाहेर नेते ती हीच. पुण्याच्या गुरूंनी सांगितलेली ही गोष्ट शिवकांताने उचलली आणि वर्षानुवर्षं तिच्यात भर घातली. ती मोठी बत्ती शिवकांताची. भूल देणारीची सुईही तिचीच. गोष्ट संपली की ‘डॉक्टरांचं औषध कधीही बंद करायचं नाही’ अशी सूचना ती न चुकता द्यायची. सूचना एका वाक्याची आणि गोष्ट वीस मिनिटांची. बायकांनी काय लक्षात ठेवायचं ते ठेवलं.

“मॅडम, जरा चहा टाका,” तारामती पलंगावर टेकत म्हणाली. “काल रातच्यापासून पोटात कायबी न्हाई.”

शिवकांताने स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं, साखर-पत्ती घातली आणि रविकिरणला फोन लावला.

“मॅडम, आई तुमच्याकडं आलीय का?” त्याने पहिल्या रिंगलाच विचारलं.

“आली आहे. बरी आहे.”

पलीकडे तो मागे वळून कुणाला तरी, बहुतेक वडिलांना, ‘सापडली’ म्हणाला.

“तिला काही खाऊ देऊ नका, मॅडम. पानीबी नको. डॉक्टर म्हनले, दोनपर्यंत आणा, आजच करू. त्याच्या पुढं गेलं तर तीन आठवडे जागा न्हाई. आन् गाठ थांबनार न्हाई म्हनले तेवढे दिवस.”

“आणते. तू गाडी घेऊन ये.”

“मी येऊन काय होणार? आमचं ऐकत असती तर ही वेळ आली असती का? आवाज आला म्हनली म्हने आत. कुठला आवाज ते आम्हाला समद्यांला पाठ झालंय मॅडम, चार वर्षं झाली घरात तीच गोष्ट चाललीय. तुम्हीच घातलंय तिच्या डोस्क्यात. तुम्हीच काढा.”

चहाला उकळी येत होती. शिवकांताने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिला त्याचा राग आला नाही, स्वतःचाही आला नाही, राग यायलाही अंगात काहीतरी लागतं. फक्त खूप थकल्यासारखं वाटलं आणि भीती वाटली, की ही बाई आपल्या गोष्टीने मरेल.

बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली.

“दूध नासलं.”

“बिनदुधाचा चालंल.”

“दोनपर्यंत काही खाऊ नकोस, तारामती. आपण परत जायचं आहे.”

“कामून? आवाज आला म्हनलं न्हवं मी.”

“ती गोष्ट आहे. गुरूंनी मला सांगितली, मी तुम्हाला. खरं काय झालं होतं ते बघायला आपल्यापैकी कोण गेलं होतं?”

“म्हंजे खोटी हाय?”

शिवकांताला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही. तिने दुसरी वाट धरली.

“माझ्या हातातलं गेलंय आता. पूर्वीसारखं राहिलं नाही. माझ्या भरवशावर राहू नकोस.”

“काय बोलायलाव, मॅडम?” तारामतीने तिला मायेने दटावलं. “रेकी एकदा उघडली की मरेस्तवर बंद होत न्हाई. तुम्हीच लिहून दिलतं आम्हाला.”

दिलं होतं खरं. वहीत, चौकटीत, अधोरेखित करून. आपण शिकवलेलं एवढं चोख पाठ करणारी विद्यार्थिनी मिळावी, हे तिला पंधरा वर्षं वाटत आलं होतं.

भिंतीवर बारा वाजले. तारामती पलंगावर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. “हात ठेवा मॅडम, गाठीवर,” ती म्हणाली. “आज लई बरं वाटायलंय. चार महिने काय, दोन महिन्यांतच जाईल बगा.”

शिवकांता तिच्याजवळ गेली. हात पुढे झाला तोही सवयीने. मग तिने तो मागे घेतला, दाराची कडी लावली, भिंतीकडे तोंड करून ब्लाऊजची वरची दोन बटणं काढली आणि डाव्या बाजूने आतून एक कापडी पिशवी काढली. तळहाताएवढी, मऊ जुन्या धोतराची, गोल शिवलेली. ती तिने तारामतीच्या उशाशी ठेवली.

तारामतीने डोळे उघडले. आधी पिशवीकडे बघितलं, मग शिवकांताच्या छातीकडे, जिथे पदर एका बाजूला सपाट पडला होता.

“हे काय?”

“माझंही झालंय. हेच ऑपरेशन. सोलापूरला, तीन वर्षांपूर्वी.”

“तीन वर्षांपूर्वी तुम्ही मौनात होताव. दोन महिने. आश्रमात.”

“बहिणीकडे होते. ऑपरेशन झालं, मग महिनाभर रोज रेडिएशनचा शेक घ्यायला दवाखान्यात नेऊन बसवायची ती.”

तारामती उठून बसली. आठवत होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बसस्टँडवर बायकांनी शिवकांताला हार घातले होते, पाया पडल्या होत्या, मौन मोडायला लागू नये म्हणून दोन महिने कुणी फोनसुद्धा केला नव्हता. आणि परत आली तेव्हा ती निम्मी झाली होती, तर सगळ्या म्हणाल्या होत्या, साधनेने चेहऱ्यावर काय तेज आलंय.

“तेज आलंय म्हनलं होतं आम्ही,” तारामती पुटपुटली.

तिने पिशवी उचलली, हातावर तोलून बघितली आणि बोटांनी चाचपली.

“जवस हाय का आत?”

“जवस. वजन नसलं की एका बाजूला ओढल्यासारखं होतं.”

“किडत न्हाई?”

“दोन महिन्यांनी बदलते.”

तारामतीने मान हलवली. शेतातल्या बाईला एवढं पुरलं असावं. मग तिचा आवाज एकदम कडक झाला.

“सांगितलं का न्हाई मंग? माझी गाठ निघाली तवा तरी सांगायचं. मी इथं या पलंगावर रडले तुमच्यापुढं.”

“कोण आलं असतं मग माझ्याकडे?” शिवकांता म्हणाली. बोलल्यावर तिला इतकी लाज वाटली की तिने खाली बघितलं. पण ते खरं होतं आणि आज खोटं बोलायला तिच्याकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं. “रेकीवाल्या मॅडमलाच कॅन्सर, म्हटले असते लोक.”

“सोताला रेकी दिली न्हाई का?”

“रोज दिली. ऑपरेशनच्या आधी, नंतर, शेक घेताना. तिने झोप लागायची. भीती कमी व्हायची. तेवढं होतं ते, तारामती, आणि तेवढं खरंच होतं. गाठ काढली ती डॉक्टरांनी.”

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. तारामतीने पिशवी परत शिवकांताच्या हातात दिली आणि ती कापडाखाली जागेवर ठेवेपर्यंत दुसरीकडे बघितलं.

“दुखतं का लई?”

“आठ दिवस. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही. मग हळूहळू जातो.”

“आन् आरशात?”

“आरशात वेळ लागतो.”

तारामती बराच वेळ हाताच्या पाठीवरल्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचलत आणि पुन्हा दाबत राहिली.

“आवाज बिवाज काय आला न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “ती बत्ती बगितली आन् मला भ्या वाटलं. पाय कापायला लागले. भ्या वाटलं म्हनून उठले, असं म्हनलं असतं तर पोरगं वरडलं असतं, मालक वरडले असते. आवाज आला म्हनलं की कुणी काय म्हनत न्हाई.”

शिवकांता पलंगाच्या कडेवर टेकली.

“त्या हवाईच्या बाईलाबी भ्याच वाटलं असंल,” तारामती म्हणाली.

शिवकांताने ही गोष्ट दोनशे वेळा तरी सांगितली होती. बाईसाठी बाहेर कोण बसलं होतं, तिच्या हातापायाला घाम फुटला होता का, घरी ती काय म्हणाली, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. बत्ती तेवढी लावून ठेवली होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. रविकिरण आला होता. आईला बघून तो गाडीतून उतरला आणि मागचं दार धरून उभा राहिला. तारामती पायरीवर थांबली.

“चला संगं,” ती शिवकांताला म्हणाली.

“मी घरून देते,” शिवकांताच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“रेकी नगं. नुस्तं या.”

दवाखान्यात पाऊल टाकलं तसा तो वास आला. फिनेल, स्पिरिट आणि वर कुठल्यातरी डब्यातल्या वरणाचा. तीन वर्षं शिवकांता या वासापासून लांब राहिली होती आणि त्याला ‘रेकीला अंतर नसतं’ असं नाव दिलं होतं. जिन्यापाशी तारामतीचे यजमान रामलिंगराव बायकोच्या चपला हातात धरून उभे होते. वाकून त्यांनी चपला तारामतीच्या पायाशी ठेवल्या आणि बाजूला झाले. पाच जणी आता व्हरांड्यातून पुढे येऊन बाकावर ओळीने बसल्या होत्या. डोळे उघडे होते आणि फार शरमलेले होते. मॅडमना बघून राजकन्या आणि पंचशीला लगबगीने उठल्या.

“मॅडम, आम्ही एकदम खोल गेलो होतो,” राजकन्या म्हणाली. “कळलंच न्हाई ओ.”

“असू दे,” शिवकांता म्हणाली.

दीड वाजता तारामतीला पुन्हा स्ट्रेचरवर घेतलं. तिने शिवकांताचं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. सगळे मागे मागे आले. काचेच्या दारापाशी सिस्टरने हात आडवा केला.

“इथून पुढं एकच माणूस, तेबी भूल देईपर्यंत. घरचं पाहिजे. मावशी, तुम्ही पेशंटच्या कोण?”

शिवकांताने रामलिंगरावांकडे बघितलं. ते आणि रविकिरण दोघेही तिच्याकडेच बघत होते.

“त्या आमच्या रेकीच्या मॅडम आहेत,” पंचशीला पुढे होऊन अभिमानाने म्हणाली. “आमच्या गुरू.”

“मग बाकीच्यांसंगं बाहेर बसा. सोडा पेशंटला.”

शिवकांताने मनगट सोडवायचा प्रयत्न केला. तिला सुटल्यासारखंही वाटलं, हे खोटं कशाला बोला. पण तारामतीची पकड घट्ट झाली.

“त्यांचंबी झालंय हेच ऑपरेशन,” ती स्ट्रेचरवरून म्हणाली, घरात गड्यामाणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्याने. “येऊ द्या त्यांला.”

बाकावरची कुजबुज थांबली. राजकन्येने तारामतीकडे बघितलं, मग मॅडमकडे, आणि तिची नजर मॅडमच्या पदरावर येऊन अडकली. पंचशीलाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सुईच्या परिणामाने पेशंट काहीही बरळतं, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर पाचही जणींनी ते आनंदाने मानलं असतं. शिवकांताला ते वाक्य सुचलंही.

सिस्टरने तिला नीट निरखलं.

“खरं का, मावशी?”

“हो,” शिवकांता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “डावीकडचं. तीन वर्षं झाली.”